पेटंट राहू दे, शेअर किती ते सांगा : मोबाईल बारकोडवाल्या कंपनीवर सोसायटी ग्रुपमधली चर्चा

बी-४०३ : अमेरिकेतल्या मोबाईल बारकोड पेटंटवाल्या कंपनीचा शेअर आपल्यातले तीन-चार जण बघतायत. भाव साधारण १ सेंट. कंपनीच्या पत्रकात लिहिलंय की फोनच्या कॅमेऱ्याने कोड स्कॅन करून वेबसाइट उघडण्याचं मूळ पेटंट आमचं आहे. हे कितपत धरायचं?

ए-७०१ : पेटंटचं नाव आणि सारांश वाचून किंमत ठरवू नका. हक्क असतो तो शेवटच्या पानांवरच्या क्लेम्सवर, म्हणजे नेमका कशावर हक्क ते सांगणाऱ्या क्रमांकित कलमांवर. गूगल पेटंट्सवर नंबर टाका, क्लेम १ उघडा आणि त्यातला एकेक टप्पा वेगळ्या ओळीवर उतरवून काढा. समोरच्या ॲपमध्ये यातला एखादा टप्पा जरी नसेल, आणि त्याच्या तोडीचंही काही नसेल, तर त्या क्लेमचं उल्लंघन होत नाही. पाचांतले चार जुळले म्हणून ऐंशी टक्के उल्लंघन, असा हिशेब तिथे नाही.

स्कॅनिंगच्या पेटंटमध्ये सगळा फरक एका ठिकाणी पडतो. क्यूआर कोडमध्ये वेबसाइटचा पूर्ण पत्ताच भरलेला असला की फोन तो वाचतो आणि ब्राउझर उघडतो, मधे कुणाला विचारावं लागत नाही. पाकिटावरचा यूपीसी बारकोड म्हणजे मात्र नुसते १२ आकडे. त्यावरून पान उघडायचं तर फोनने आकडा सर्व्हरला पाठवायचा, सर्व्हरने आपल्या तक्त्यात शोधून पत्ता परत द्यायचा. क्लेममध्ये 'तक्त्यात शोधणे' हा टप्पा असेल तर साधा क्यूआर कोड त्याच्या बाहेर राहतो. पत्रकात या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळलेल्या असतात.

डी-१०५ : क्यूआर कोडचं स्वतःचं पेटंट कुणाचं मग?

ए-७०१ : वहिनी, तो जपानच्या डेन्सो वेव्हचा, १९९४ चा. प्रमाणित क्यूआर कोडवर आपण हक्क बजावणार नाही असं त्यांनी जाहीर केलं आणि २००० मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. म्हणून कोड छापायला पैसे लागत नाहीत. भांडणं झाली ती कोड वाचल्यानंतर पुढे काय करायचं यावर.

सी-२०४ : बी-४०३, क्लेम बघशीलच, पण आधी तारीख बघ. अमेरिकेत ८ जून १९९५ नंतरच्या अर्जांना मुदत २० वर्षं, आणि ती मंजुरीपासून नाही, सर्वात पहिल्या पूर्ण अर्जापासून. त्याच घराण्यातला पुढचा अर्ज दहा वर्षांनी मंजूर झाला तरी घड्याळ पहिल्या अर्जाचंच.

बारकोडच्या इतिहासात हे पहिल्यापासून चालत आलंय. बारकोड शोधणाऱ्या वुडलँड आणि सिल्व्हर यांनी १९४९ मध्ये अर्ज केला, १९५२ मध्ये पेटंट मिळालं, तेव्हाच्या १७ वर्षांच्या नियमाने १९६९ मध्ये ते संपलं. दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावात. कल्पना खरी होती, लेझर आणि स्वस्त संगणक यायला उशीर झाला, एवढंच.

बी-४०३ : काका, मोबाईलच्या बाबतीतही तसंच झालं का?

सी-२०४ : निओमीडिया टेक्नॉलॉजीज या मोबाईल बारकोडवाल्या अमेरिकन कंपनीचं उदाहरण घे, सगळं सरकारी नोंदींत आहे. त्यांचं गाजलेलं पेटंट ६१९९०४८ मार्च २००१ मध्ये मंजूर झालं, पण मूळ अर्ज १९९५ चा. म्हणजे मुदत २०१५ पर्यंतच. आता फोनकडे बघ. आयफोनमध्ये ऑटोफोकस आला २००९ मध्ये. त्याच्या आधी जवळून धरलं की उभ्या बारकोडच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि वाचनच फसायचं. आणि आयफोनचा स्वतःचा कॅमेरा वेगळ्या ॲपशिवाय क्यूआर वाचायला लागला तो आयओएस ११ मध्ये, सप्टेंबर २०१७ ला. बाजार भरात आला तेव्हा पेटंट संपलं होतं.

तोपर्यंत कंपनी चालवायला पैसा कुठून आला? कॉर्नेल कॅपिटल, पुढे वायए ग्लोबल, या फंडाच्या परिवर्तनीय कर्जातून. २०१० मध्ये १०० शेअरचा १ असा रिव्हर्स स्प्लिट झाला. जुन्या धारकांनी पेटंटबद्दल वाचलेलं बरंचसं बरोबर होतं. शेअरच्या संख्येकडे बघायचं राहून गेलं.

ए-७०१ : काकांच्या मुदतीच्या मुद्द्याला एक जोड. पेटंट संपलं म्हणजे त्याच दिवशी ते शून्य होत नाही. मुदतीतल्या उल्लंघनाची भरपाई नंतरही मागता येते, पण दावा दाखल करण्याच्या मागच्या ६ वर्षांपुरतीच. म्हणजे मुदत संपल्यावर दाव्याला जितका उशीर, तितके महिने भरपाईतून गळत जातात. मुदत संपून सहा वर्षं झाली की हाती काहीच उरत नाही.

देखभाल शुल्कही बघा. मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी ते भरावं लागतं, चुकलं तर दंडासह ६ महिन्यांची सवलत. पैशाची ओढाताण असलेल्या कंपनीकडून हे भरायचं राहून जातं आणि पेटंट आपोआप गळतं. अमेरिकन पेटंट कार्यालयाच्या पेटंट सेंटर या संकेतस्थळावर नंबर टाकला की कधी भरलं ते दिसतं.

बी-४०३ : 'परिवर्तनीय कर्ज' हे नीट समजावून सांगाल का? फाइलिंगमध्ये 'कन्व्हर्टिबल नोट' म्हणून पानंच्या पानं आहेत.

सी-२०४ : आकडे घालून सांगतो. आकडे माझे, पद्धत खरी.

समज, कंपनीचे २० कोटी शेअर बाजारात आहेत. कंपनीने ५ लाख डॉलरची नोट दिली. अट अशी की सावकाराने पैसे परत मागण्याऐवजी शेअर घ्यायचे, आणि भाव बाजारभावाच्या ६० टक्के. बाजारभाव १ सेंट, म्हणजे त्याला ०.६ सेंटने मिळणार. त्याने आधी १ लाख डॉलर बदलून घेतले : १ कोटी ६७ लाख शेअर. ते त्याने विकले. विक्रीने भाव पडत पडत ०.२ सेंटवर आला. आता उरलेल्या ४ लाखांना भाव लागणार ०.१२ सेंट, म्हणजे ३३ कोटी ३३ लाख शेअर. कर्ज तेवढंच, पण भाव पाचपट पडला म्हणून शेअर पाचपट. एकूण झाले ५५ कोटी. ज्याच्याकडे २० लाख शेअर होते त्याचा हिस्सा १ टक्क्यावरून ०.३६ टक्क्यावर आला, आणि या सगळ्यात पेटंटला काहीही झालेलं नाही.

म्हणून नोटमध्ये पहिला प्रश्न : कन्व्हर्जनचा भाव ठरलेला आहे की बाजारावर तरंगता? ठरलेला असेल तर नुकसान मोजता येतं. तरंगता असेल तर खालची मर्यादा दिली आहे का, तेवढं शोध.

डी-१०५ : पण ४.९९ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर सावकाराला ठेवता येत नाहीत, असं त्यात लिहिलेलं असतं ना?

सी-२०४ : वहिनी, बरोबर, पण ती मर्यादा एका वेळी हातात किती ठेवायचे याची आहे. तो ४.९९ टक्के घेतो, विकतो, पुन्हा घेतो. एकूण किती घ्यायचे यावर त्या कलमाचा काही आळा नाही.

आणि कॅलेंडरवर एक तारीख लिहून ठेवा. एसईसी, म्हणजे अमेरिकेतली शेअर बाजाराची नियामक संस्था, तिच्या नियम १४४ प्रमाणे नियमित अहवाल देणाऱ्या कंपनीत असे शेअर बाजारात विकायला सावकाराला ६ महिने थांबावं लागतं. ते मोजले जातात नोट दिल्याच्या दिवसापासून, शेअरमध्ये बदलल्याच्या दिवसापासून नाही. नोटची तारीख अधिक सहा महिने : त्या सुमारास विक्रीचा दाब येऊ शकतो. त्याच आठवड्यात कंपनीची उत्साहाची पत्रकं एकामागून एक आली तर दोन्ही तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा.

बी-४०३ : मागच्या तिमाहीत तर निव्वळ नफा दाखवलाय. ग्रुपवर कुणीतरी कंपनी फायद्यात आली म्हणून टाकलं होतं.

सी-२०४ : अरे, विक्रीची ओळ बघ आणि रोख प्रवाहाचं पान बघ. तरंगत्या भावाच्या नोटांचं देणं दर तिमाहीला पुन्हा मोजतात. शेअरचा भाव पडला की कागदावरचं ते देणं कमी होतं आणि फरक नफा म्हणून दिसतो. भाव चढला की उलट, मोठा तोटा. व्यवसायात आलेला पैसा 'कामकाजातून रोख' या ओळीत कळतो. ती ओळ उणे असेल तर नफ्याच्या आकड्याने हुरळून जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ई-६०२ : १:१०० रिव्हर्स स्प्लिट जाहीर झाला तर तो चांगला की वाईट? भाव तर शंभरपट दिसतो.

सी-२०४ : स्प्लिटने हिस्सा बदलत नाही. फक्त अधिकृत शेअरची, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त काढता येणाऱ्या शेअरची, संख्याही त्याच प्रमाणात घटवली का ते वाचा. ५०० कोटी अधिकृत आणि ४९० कोटी बाजारात असताना स्प्लिटनंतर बाजारात राहिले ४ कोटी ९० लाख आणि अधिकृत तसेच ५०० कोटी, तर नवे शेअर काढायला जवळजवळ सगळी जागा पुन्हा मोकळी झाली.

ही जागा वाढवायला सभा घ्यावीच लागते असंही नाही. बहुमत एकाच्या हातात असेल, बरेचदा जादा मताधिकाराच्या प्रेफर्ड शेअरमधून, तर लेखी संमतीने काम होतं. छोट्या धारकाला फक्त १४सी माहितीपत्रक मिळतं, अंमलाच्या किमान २० दिवस आधी. एसईसीच्या एडगर संकेतस्थळावर कंपनीच्या यादीत '१४सी' दिसलं की त्याच दिवशी उघडा.

बी-४०३ : समजा खटला जिंकले किंवा तडजोड झाली. मग तरी?

ए-७०१ : पैसा कोणत्या क्रमाने खाली येतो ते बघा. समजा तडजोड ३० लाख डॉलरची. वकील यशावर ४० टक्के घेणारे असतील तर १२ लाख तिथे. तज्ज्ञ साक्षीदार आणि कागदपत्रांचा खर्च समजा ४ लाख. राहिले १४ लाख. आता पेटंट ज्याच्याकडे तारण आहेत त्याचं देणं ५० लाख असेल तर भागधारकापर्यंत काहीच येत नाही. तारण आहे की नाही हे पेटंट कार्यालयाच्या असाइनमेंट नोंदीत दिसू शकतं. तिथे 'सिक्युरिटी इंटरेस्ट' हे शब्द शोधा.

जिंकण्याआधीचे अडथळेही खरे आहेत. २०१२ च्या सप्टेंबरपासून आंतरपक्षीय फेरतपासणी आहे. दावा बजावल्यापासून १ वर्षाच्या आत प्रतिवादी पेटंट कार्यालयातल्या मंडळाकडे जुनी पेटंटं आणि छापील साहित्य घेऊन जातो. मंडळाने प्रकरण घेतलं की साधारण १२ महिन्यांत निकाल, आणि तोपर्यंत न्यायालय बरेचदा खटला थांबवून ठेवतं. मोठ्या कंपनीला तो काळ जड जात नाही. छोटी कंपनी त्याच काळात आणखी नोटा काढते, म्हणून मी याला पेटंटचा नाही तर शेअरचा प्रश्न म्हणते.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ॲलिस निकाल आला. नुसती अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून पेटंट टिकत नाही. 'आकडा पाठवा, तक्त्यात शोधा, माहिती परत द्या' या धर्तीच्या क्लेमला त्याचा थेट धोका, आणि तो खटल्याच्या सुरुवातीलाच पुढे येतो. त्याआधी २००६ च्या ईबे निकालाने मनाई हुकूम आपोआप मिळणंही बंद झालं. स्वतः वस्तू न बनवणाऱ्या कंपनीला 'विक्री थांबवा' ही धमकी सहसा वापरता येत नाही.

ई-६०२ : निओमीडियाच्या पेटंटलाही कुणी आव्हान दिलं होतं ना?

ए-७०१ : हो, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये आव्हान देण्याजोग्या पेटंटांची दहांची यादी काढली, तीत ते होतं. पुढे फेरतपासणीही झाली. अशा वेळी 'पेटंट टिकलं' एवढ्या बातमीवर थांबू नका. फेरतपासणीच्या प्रमाणपत्रात कोणते क्लेम रद्द, कोणते बदलले ते लिहिलेलं असतं. क्लेम अरुंद झाला असेल तर जुनं उल्लंघन त्यात बसतं का हे पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं, आणि बदललेल्या क्लेमसाठी आधीच्या काळातली भरपाई बरेचदा हातची जाते.

सगळ्यात मोठं उदाहरण लेमेल्सन या अमेरिकन संशोधकाच्या पेटंटांचं. बारकोड वाचण्यावर हक्क सांगून वर्षानुवर्षं परवाने विकले गेले. जानेवारी २००४ मध्ये नेव्हाडाच्या न्यायालयाने अर्ज मुद्दाम रेंगाळवल्याच्या कारणावरून ती पेटंटं अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, २००५ मध्ये अपिलातही तेच राहिलं.

बी-४०३ : मग रविवारी बसून मी नेमकं काय काय उघडू? वेळ दोन तास धरा.

सी-२०४ : एडगरवर शेवटचं १०-क्यू, म्हणजे तिमाही अहवाल. पहिल्याच पानावर तारखेसह शेअरची संख्या असते, ती लिहून घे. मग मागच्या आठ तिमाह्यांची तीच संख्या एकाखाली एक. ही एक रांग मला कंपनीच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त सांगते. त्यानंतर नोटांची टीप : मुद्दल, तारीख, भावाचं सूत्र. 'गोइंग कन्सर्न' शब्द शोध, कंपनी पुढे चालू राहील का याची शंका तिथे लिहिलेली असते. मग 'सबसिक्वंट इव्हेंट्स' वाचायला विसरू नकोस, तिमाही संपल्यानंतर काढलेले शेअर तिथे असतात. परवाना करार झाल्याची बातमी असेल तर ८-के, म्हणजे मोठी घटना एसईसीला कळवायचा फॉर्म, आलंय का आणि पुढच्या तिमाहीत परवान्याच्या उत्पन्नाची ओळ हलली का, ते जुळव.

ए-७०१ : खटल्यासाठी पेसर, म्हणजे अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांच्या कागदपत्रांचं संकेतस्थळ. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंत झालं तर माफ. आधी कोर्टलिसनरवर तीच कागदपत्रं फुकट मिळतात का बघा. दावापत्रापेक्षा मार्कमन सुनावणीनंतरचा आदेश वाचा. क्लेममधल्या शब्दांचा अर्थ न्यायाधीश तिथे ठरवतात, आणि तडजोडीची रक्कम बरीचशी त्यावरच हलते.

डी-१०५ : कंपनीने फॉर्म १५ भरला तर?

सी-२०४ : वहिनी, तो एसईसीची नोंदणी सोडण्याचा फॉर्म. त्यानंतर १०-क्यू येणं थांबतं, संख्या कळायचा रस्ता बंद. २८ सप्टेंबर २०२१ पासून चालू माहिती जाहीर नसलेल्या कंपनीचे भाव दलालांना खुलेपणाने सांगता येत नाहीत, असे शेअर एक्स्पर्ट मार्केटमध्ये जातात आणि तिथे छोट्या धारकाला विकणंही अवघड होतं.

बी-४०३ : पहिल्या पानावरची संख्या मिळाली. जूनमध्ये ३१ कोटी, सप्टेंबरमध्ये ४६ कोटी.

सी-२०४ : आता नोटांची टीप काढ. बघ, तिथे सहा महिने आधीची कोणती तारीख आहे.