मुलीचे पाय वाकलेत, फॉस्फरसचा मुडदूस सांगितलाय, कुणाला अनुभव आहे का?

विट्याची आई:
नमस्कार. मुलगी तीन वर्षांची आहे, चालायला लागल्यापासून पाय गुडघ्यातून बाहेर वाकत चाललेत, बदकासारखी डुलत चालते आणि जिना आला की उचलून घे म्हणते. व्हिटॅमिन डीचे डोस झाले, सहा लाख युनिटचं इंजेक्शन पण झालं, फरक काहीच नाही. आता मिरजेच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं की हा साधा मुडदूस नाही, फॉस्फरस लघवीतून निघून जातोय आणि हे घराण्यातून येतं. मिस्टरांचे पाय पण थोडे फेंगडे आहेत, उंची बेताची. सासूबाई म्हणतात गरोदरपणी दूध प्यायली नाहीस म्हणून झालं. सहा महिन्यांचा मुलगा पण आहे, त्याचं टेन्शन आलंय. पाय सरळ होतात का हो?

लॅबवाला, सांगली:
ताई, दुधाचा काही संबंध नाही, सासूबाईंना हे वाचून दाखवा. पीएचईएक्स नावाचा जीन बिघडला की शरीरात एफजीएफ23 हे हार्मोन वाढतं आणि ते किडनीला फॉस्फरस बाहेर टाकायला लावतं, साधारण वीस हजारात एकाला हा आजार असतो. आणि जुने रिपोर्ट काढून बघा, कारण कितीतरी ठिकाणी रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापलेली असते, 2.5 ते 4.5. लहान पोरांचा फॉस्फरस त्याहून जास्त, साधारण 4 च्या वर लागतो, म्हणजे तीन वर्षांच्या पोरीचा 2.8 आला तर कागदावर नॉर्मल दिसतो आणि तसाच सुटतो. कॅल्शियम नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांशी संबंधित एन्झाइम) वाढलेलं आणि फॉस्फरस कमी असं दिसलं तर पुन्हा साधं डी देत बसू नका, उगाच कॅल्शियम वाढायचं.

कराडची ताई:
माझ्या मुलाला हेच आहे, आता शाळेत जातो. ट्रीटमेंट सुरू केली की लहान वयात पाय बऱ्यापैकी सुधारतात, म्हणून घाबरू नका पण वेळ पण घालवू नका. फॉस्फेटचं औषध दिवसातून चार-पाच वेळा द्यावं लागतं कारण दिलेलं काही तासात निघून जातं, त्यासोबत अल्फाकॅल्सिडॉल किंवा कॅल्सिट्रिऑल (हे डीचेच प्रकार, पण साधं डी नव्हे) लागतंच, नुसतं फॉस्फेट दिलं तर पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं. दुधासोबत देऊ नका, कॅल्शियममुळे ते अंगी लागत नाही, मी दूध आणि औषधात अंतर ठेवते. चव खारट असते, सुरुवातीला पोट बिघडतं, डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू वाढवला की सवय होते. दुपारच्या डोसची बाटली शाळेतल्या बाईंकडे देऊन ठेवते, आणि बाई विसरत नाहीत याचं मला खरंच कौतुक वाटतं. दर तीन-चार महिन्यांनी रक्त-लघवी, अधूनमधून किडनीची सोनोग्राफी, कारण औषधानेच किडनीत कॅल्शियम साठू शकतं. लहान मुलांचा एंडोक्राइनचा (हार्मोनचा) किंवा किडनीचा डॉक्टर गाठा, फक्त हाडांचा नको. ऑपरेशनची घाई करू नका, लागलंच तर वाढीच्या वयात छोटी प्लेट बसवून पाय सरळ करता येतो.

सातारकर:
मी स्वतः पेशंट आहे, वय 34. मिस्टरांना दातांचं विचारा, कीड नसताना हिरड्यांना गळू होतं का? मला व्हायचं, दाताच्या डॉक्टरांना पण कळायचं नाही, या आजारात दाताचा आतला थरच कच्चा असतो. मिस्टरांना हा एक्स गुणसूत्रावरचाच आजार निघाला तर वडिलांकडून सगळ्या मुलींना जातो आणि मुलग्यांना जात नाही, म्हणजे तुमच्या बाळाला बहुतेक नसणार. पण दुसऱ्या जीनमुळेही असाच आजार होतो, म्हणून जीन टेस्ट करून घ्या आणि बाळाचा फॉस्फरस एकदा बघाच. या आजारावरचं बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन 2018 पासून अमेरिका-युरोपात मिळतं, मुलांना दोन आठवड्यांनी एकदा, किंमत आपल्या आवाक्याबाहेर. मुंबईचं केईएम हे केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातलं सेंटर आहे, तिथे एकदा दाखवा, मदतीचं तिथेच कळेल.

विट्याची आई:
सगळ्यांचे खूप आभार. जुना रिपोर्ट काढला, 2.6 आहे आणि पुढे नॉर्मल लिहिलंय, बघून रडूच आलं. यांच्या दातांचं पण अगदी तसंच आहे. उद्या यांचं आणि मुलीचं रक्त द्यायचंय, उपाशी लागतं का?

लॅबवाला, सांगली:
हो, सकाळी उपाशीपोटी, आणि त्याच वेळची लघवी पण द्या, दोन्हीत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन करायला सांगा. पोरीला पाणी चालेल, दूध मात्र सॅम्पल झाल्यावर.