चवीचा इसबगोल आणि 'आयुर्वेदिकच' चूर्ण

आईला मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे, बद्धकोष्ठतेसाठी संत्र्याच्या चवीचा इसबगोल रोज चालेल का, असं एकाने विचारलंय. त्यांच्या डॉक्टरांना विचाराच, पण माझं मत साध्या भुशीला. चवीच्या पावडरीत औषध म्हणून इसबगोलच असतो, पण सोबत बऱ्याचदा भरपूर साखर येते. शुगर-फ्री असेल तर अस्पार्टेम वगैरे कृत्रिम गोडी. पाण्यात फसफसणारी असेल तर खायचा सोडा, म्हणजे सोडियम, आणि तेही बीपीच्या माणसाला! साध्या भुशीत ही भानगडच नाही. फक्त भरपूर पाण्यातून घ्यायची. कोरडी घेतली तर घशात फुगून अडकू शकते.

"आयुर्वेदिकच आहे" म्हणून लोक वर्षानुवर्षं चूर्ण फाकतात. डबी उलटी करून बघा. बऱ्याच चूर्णांत मुख्य काम सोनामुखी, म्हणजे आतड्यांना चेतवणारं रेचक, करते, आणि यादीत खाली सैंधव किंवा काळं मीठ असतं.

ब्रँडच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. डल्कोलॅक्स या पोट साफ करायच्या औषधाची नेहमीची गोळी म्हणजे ५ मिग्रॅ बिसाकोडिल, हेही रेचकच. अमेरिकेत त्याच नावाच्या पातळ औषधात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं, जे किडनी अधू असलेल्यांनी परस्पर घेऊ नये. तिकडून कुणी बाटली आणली तर आधी वाचा. बिसाकोडिलची गोळी दूध किंवा अँटासिडबरोबर नको, वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि कळा येतात.

काही लेबलांवर नुसतं 'एक्सिपियंट्स क्यू. एस.', म्हणजे 'इतर घटक गरजेपुरते', लिहून मोकळे होतात. अशा वेळी केमिस्टकडे आतला माहितीचा कागद मागायचा, नसेल तर दुसरी कंपनी.