मदत हवी आहे: अहिराणी पुस्तकं वाचकापर्यंत कशी पोचवायची?
नमस्कार मंडळी, धुळ्यात आमचं छोटं प्रकाशन आहे, अहिराणीत लिहिणाऱ्यांची पुस्तकं काढतो, लेखक म्हणजे साक्री, शिंदखेडा, अमळनेरकडचे शिक्षक नाहीतर शेतकरी, आणि काय सुंदर लिहितात हो! छापणं जमतं, पाठवणं जड जातंय. डिसेंबर २०२४ मधे पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं तेव्हापासून शंभर रुपयांच्या कवितासंग्रहाला कुरिअरचाच खर्च एवढा येतो की पुण्या-नाशिकचा वाचक मागे सरतो, आणि सुरतेत तर आपले खानदेशी लोक केवढे आहेत, तिथे पुस्तक पोचायलाच हवं. बाकीचे छोटे प्रकाशक सध्या कसं पाठवतात? सुरतेत पुस्तकं ठेवून घेणारं दुकान किंवा मंडळ कोणाला माहितीये का? दुकानदाराला कमिशन किती द्यायचं तेही सांगा, लेखकाचं मानधन मला कापायचं नाहीये.