श्रावणातली दाढी: बी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

मेघना: नमस्कार मंडळी. ओंकारला यंदा दाढी-मिशी फुटली आहे. पहिली दाढी करायची म्हणतोय, पण सासूबाई म्हणतात श्रावणात वस्तरा लावायचा नाही. शास्त्रात खरंच तसं काही आहे का? कुलकर्णी काका, सांगाल का?

कुलकर्णी काका: मेघना, पहिल्या दाढीचा चक्क संस्कारच होता. सोळा संस्कारांतला केशान्त. मनुस्मृतीत तो ब्राह्मणाला १६व्या, क्षत्रियाला २२व्या आणि वैश्याला २४व्या वर्षी सांगितला आहे. त्या दिवशी गुरूला गाय द्यायची, म्हणून त्याला गोदान असंही म्हणत. जावळ आपण अजून थाटात काढतो, केशान्त मात्र मागे पडला.
अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातलं ६८वं सूक्त तर हजामतीचंच आहे. सविता वस्तरा घेऊन आलाय, वायूने गरम पाणी आणावं, अदितीने दाढी करावी. न्हाव्याच्या जागी प्रत्यक्ष सूर्य! मला हे सूक्त फार आवडतं. एवढे देव बोलावले, पण पाणी गरम हवं हे कवी विसरला नाही.
श्रावणाचं म्हणशील तर क्षौर न करणं हा व्रताचा भाग. संन्यासी चातुर्मासात एका गावी राहतात, तेव्हा तेही करत नाहीत. ज्याने व्रत धरलं त्याने पाळावं.

अदिती (३०१): काका, रोममध्येही असंच होतं. पहिली दाढी देवाला वाहायचे. नीरोने आपली सोन्याच्या डबीत घालून ज्युपिटरला अर्पण केली होती.

दिनेश: विषय निघालाच आहे तर सांगतो. आपले सिक्युरिटीवाले हल्ली दाढी वाढवून बसतात. गेटवर बरं दिसत नाही. रोज दाढी सक्तीची करा. येत्या मीटिंगमध्ये घ्या हा मुद्दा.

रूबेन अंकल: दिनेश, जरा थांब. रात्रपाळीच्या शंकरचे वडील गेलेत, त्याचं सुतक चालू आहे. तुमच्यात दहाव्याला क्षौर करतात, तोवर वस्तरा लावत नाहीत ना? आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंत, मयतानंतर तीस दिवस दाढी करायची नाही असा नियम, आणि आईवडिलांसाठी त्याहून जास्त. हिरोडोटसने इजिप्तचं लिहून ठेवलंय. तिथले पुरोहित उवा होऊ नयेत म्हणून दिवसाआड सगळं अंग भादरायचे. सगळे लोकच एरवी गुळगुळीत, पण घरात मयत झालं की केस-दाढी वाढू द्यायचे. दुःखात माणूस रोजचं सोडून देतो, हे सगळीकडे सारखंच दिसतं.
आणि दाढीवर जबरदस्ती झाली की काय होतं तेही आमच्या शास्त्रात आहे. दावीद राजाने अम्मोनी राजाकडे सांत्वनाला माणसं पाठवली. त्याने त्यांना हेर समजून अर्धी अर्धी दाढी भादरली आणि परत धाडलं. दावीदाने निरोप दिला, दाढी वाढेपर्यंत यरीहोतच राहा. पुढे त्यावरून लढाई पेटली.

दिनेश: शंकरचं मला खरंच माहीत नव्हतं. पण नीटनेटकेपणाचा नियम असण्यात गैर काय?

अदिती (३०१): दिनेश काका, रशियाच्या पीटर राजालाही नीटनेटकेपणाच हवा होता. १६९८ मध्ये युरोपातून परत आल्या आल्या त्याने दरबारातल्या बड्या लोकांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. १७०५ मध्ये दाढीवर कर बसवला. कर भरला की बिल्ला मिळायचा, त्यावर नाक, मिशी आणि दाढी कोरलेली, वर 'पैसे घेतले' असा शिक्का. जुन्या वळणाच्या लोकांना दाढी ही देवाने दिलेली खूण वाटायची. कापलेली दाढी जपून ठेवून 'मेल्यावर शवपेटीत ठेवा' म्हणणारी माणसं होती. राजाला ती फॅशन वाटली, त्यांच्यासाठी तो परलोकाचा प्रश्न होता.

सुनीताताई: राजाकडे कशाला जायचं, आपल्याकडे केशवपन होतंच की. नवरा गेला की पोरवयाच्या मुलीचं डोकं भादरायचं, आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसवायचं. केस वाढले की पुन्हा न्हावी बोलवायचा, आयुष्यभर. मुलीला कुणी विचारत नव्हतं. दहाव्याचं क्षौर मुलगा एकदा करतो आणि कामाला लागतो, तिची शिक्षा मात्र संपतच नव्हती. वस्तरा तोच. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या मर्जीने, हे बघायला हवं.

संतोष: ताई, यात आमच्या माणसांचं एक मोठं काम आहे, ते कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरलं. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे, दीनबंधूचे संपादक. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली तीही त्यांनीच, त्याच वर्षी.
आमच्या आजोबांची धोकटी अजून घरी आहे. वस्तरा, तो लावायचा चामड्याचा पट्टा, तुरटी, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा. एवढ्यावर घर चालायचं. बलुत्यावर जगणाऱ्याने जातीने वरच्या घरी 'हे काम करणार नाही' म्हणणं सोपं नव्हतं. अदितीने राजाचं सांगितलं, मला हे त्याहून मोठं वाटतं. राजाच्या हातात सत्ता होती. यांच्या हातात नुसता वस्तरा होता, तो त्यांनी खाली ठेवला.

कुलकर्णी काका: संतोष, हे मी वाचलं होतं, पण धोकटीच्या बाजूने कधी विचार केला नव्हता. आमच्यासारख्यांच्या घरांतच ते होत होतं. सासरी-माहेरी शिकलेसवरलेले पुरुष असून कुणी अडवलं नाही. अडवलं कुणी, तर ज्यांना आपण मागच्या दाराने बोलवत होतो त्यांनी.

मेघना: सासूबाईंना वाचून दाखवलं. ओंकार म्हणतो आजीसाठी श्रावणभर थांबतो, त्याची काही हरकत नाही.

दिनेश: सिक्युरिटीचा मुद्दा मी मागे घेतो.

सेक्रेटरी: नोंद घेतली. संतोष, श्रावण वद्य द्वादशीला तुमच्या नाभिक समाजाचे संत सेना महाराजांची पुण्यतिथी असते ना? त्या संध्याकाळी हॉल रिकामा आहे. लोखंड्यांवर अर्धा तास बोलाल का? भाडं लावत नाही.

संतोष: बोलतो. धोकटी घेऊन येतो, मुलांनाही बघता येईल.