लहानपणीचा मारिओ हळू पळायचा का?

गच्चीवरचा_मिरजकर

मंडळी, प्रश्न येडपट वाटेल, पण पंधरा दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय.

दिवाळीत मेहुणा सिंगापूरहून आला, येताना लेकीसाठी निन्टेंडो स्विच हे गेमचं यंत्र घेऊन आला. लेक नऊ वर्षांची. वर्गणी भरली की त्यात जुन्या गेमांचा एक खण उघडतो, आणि त्या खणात १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स. म्हटलं, सरक जरा, बाबा दाखवतो. आमच्या गल्लीत १-१ (म्हणजे पहिल्या दुनियेची पहिली स्टेज) पासून ४-४ पर्यंत एकही लाइफ न घालवता जाणारे दोघंच होतो, त्यातला एक मी. बायकोलाही हाक मारली बघायला.

आणि पहिल्याच गुंबावर मेलो. तोच तो भुवया चढवून चालत येणारा, आम्ही त्याला 'चॉकलेट' म्हणायचो. दुसऱ्या डावात पाइपला धडकून परत फिरलो आणि त्याच चॉकलेटवर गेलो. तिसऱ्यात खड्डा. बायको काही न बोलता आत गेली.

मंडळी, वय झालं हे मान्य. बोटं जड झाली हेही मान्य. पण शप्पथ सांगतो, तो मारिओ *पळत होता*. गाणंसुद्धा घाईत होतं. १०० सेकंदांखाली घड्याळ गेलं की गाणं धावायला लागतं ना, तसं नाही, पण त्याच्या अर्ध्या वाटेवर. लहानपणी तो असा नव्हता. १९९५ च्या सुमारास वडिलांनी आणलेला तो पांढरा-लाल टीव्ही गेम, पिवळी कॅसेट, वर '९९९९९९९ इन १' असा छापा आणि आत खरे गेम मोजून सात-आठ. बाकी सगळे तेच, फक्त मारिओ वेगळ्या स्टेजपासून सुरू व्हायचा. अँटेनाची वायर उपसायची, गेमची वायर खुपसायची, आणि मुंग्यांमधून मारिओ सापडेपर्यंत चॅनेलचं चाक फिरवायचं. लाइट गेली की सगळं पुन्हा १-१ पासून, कारण त्यात सेव्ह नावाचा प्रकारच नव्हता. म्हणून १-१ मला आमच्या बोळापेक्षा जास्त पाठ आहे. तिसऱ्या पाइपनंतर चौथा किती पावलांवर हे मी झोपेत सांगेन. मग चुकलो कसा?

हा झाला पहिला प्रश्न. दुसरा लेकीचा.

तिच्याकडे आठवण-बिठवण काही नाही. त्याच यंत्रात तिच्यासाठी झाडं हलतात, पाणी चमकतं असे मोठमोठे गेम आहेत. ती अर्धा तास ते खेळते आणि परत या ठोकळ्या-ठोकळ्यांच्या मारिओवर येते. रिवाइंड करायची सोय आहे, मेलं की दोन सेकंद मागे. दोन दिवस वापरली, मग सोडली. का विचारलं तर म्हणाली, "मग मीच मेले हे कळत नाही." यावर काय बोलणार? मला यात जुन्या दिवसांचं सुख मिळतं हे समजतं. तिला काय मिळतंय?

रेझिस्टन्स_जयसिंगपूर

मिरजकर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे आणि ते ऐकून तुम्ही आनंदानं नाचणार.

तुमचा मारिओ खरंच हळू होता. वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, असले शेकडो टीव्ही गेम मी उघडून बघितलेत. जपानचा मूळ फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडोचा अस्सल टीव्ही गेम (जुलै १९८३, किंमत १४,८०० येन), सेकंदाला ६० चित्रं काढतो, कारण तिकडचा टीव्ही ६० वर चालतो. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० वाला. आपल्याकडं जे तैवानी चिपचे नकली डबे आले ते ५० चित्रं काढायचे. आणि मारिओचा गेम लिहिलाय असा की दर चित्राला एक पाऊल. चालणं, उडी, गुरुत्वाकर्षण, घड्याळ, गाणं, सगळं त्याच ठोक्यावर. ठोके ६० चे ५० झाले की अख्खी दुनिया सहाव्या हिश्श्यानं मंद.

हिशेबच करा. १-१ ला घड्याळ ४०० पासून उलटं चालतं, पण ते खरे सेकंद नव्हेत. त्यातला एक आकडा म्हणजे २४ चित्रं. जपानी मुलाला १६० सेकंद मिळायचे, तुम्हाला मिरजेत १९२. बत्तीस सेकंद फुकट! गाण्याचंही तेच. चिपचा वेग जवळपास सारखाच असल्यामुळं सूर जागेवर राहिले, लय तेवढी विलंबित झाली. त्यामुळं तुम्हाला 'बेसूर' वाटत नाही, नुसतं 'घाईत' वाटतं. तुमचा कान बरोबर आहे. बोटंपण बरोबर आहेत, पण ती ५० वर बसलीत.

त्यात नवीन टीव्हीची भानगड वेगळी. एलसीडी चित्र सुधारत बसतो आणि मग दाखवतो, तोवर बटण दाबून झालेलं असतं. सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर चालू करा, थोडा फरक पडेल. जुन्या पिक्चर ट्यूबवर ही मध्यस्थी नव्हती. बदकं मारायची ती बंदूक आजच्या टीव्हीवर का चालत नाही, त्याचंही मूळ इथंच.

माझ्याकडं चौदा इंची ट्यूबवाला पोर्टेबल अजून चालू आहे. जुना डबा सापडला तर घेऊन या. चहा माझ्याकडं.

कॉन्ट्रावाले_बंधू

कॉन्ट्रा गेम लावा आणि बटणं दाबा: वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए. तीस लाइफ घ्या आणि गप खेळा. मारिओ काय मारिओ.

(ही किल्ली मुळात ग्रेडियस नावाच्या विमानांच्या गेमसाठी केली होती, १९८६ साली. करणाऱ्या हाशिमोतो साहेबांना स्वतःचाच गेम तपासताना पुढे जाता येईना म्हणून. ते २०२० मध्ये गेले. आमच्या वाड्यातर्फे नमस्कार.)

खडूस_काका_ठाणे

रसभंग करतो, माफ करा. त्या कॅसेटमध्ये सात-आठ गेम होते म्हणता, बाकीच्यांची नावं सांगा पाहू लवकर. नाही ना आठवत? म्हणजे वाईट होते ते गळून गेले आणि एक उरला त्याला आपण 'जुनं ते सोनं' म्हणतो. शिवाय तुमच्याकडे दुसरं होतंच काय? लाइट आली की मारिओ, गेली की पत्ते.

आणि मुलीचं म्हणाल तर नऊ वर्षांच्या मुलांना बाप जे खेळून हरतो ते आवडतंच.

हानशिन_लोकल

खडूस काका, शेवटचं वाक्य मात्र वर्मी लागलं. :) तरीही थोडं बोलते. मी बारा वर्षं ओसाकात आहे. शेजारच्या आजी कुठल्याही व्हिडिओ गेमला 'पिकोपिको' म्हणतात, नातवाच्या हातात काहीही असो. तो आवाज म्हणजे फॅमिकॉमचाच.

मिरजकर दादा, तुमचा दुसरा प्रश्न. १-१ नीट बघा. मारिओ गेमचे कर्ते मियामोतो आणि तेझुका या दोघांनी ती स्टेज कशी बांधली हे स्वतः समजावून सांगितलंय, आणि तेव्हापासून मी ती शिक्षिकेच्या नजरेनं बघते (मी इथे परदेशी मुलांना जपानी शिकवते). मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे कुठे जायचं ते कळलं. समोरून तुमचं ते चॉकलेट येतं. घाबरून उडी मारली तर डोकं वरच्या ठोकळ्याला लागतं आणि मशरूम निघतं. आता मशरूम म्हणजे आणखी एक शत्रू असंच वाटणार ना? ते उजवीकडे पळतं, खाली पडतं, पाइपला आपटतं आणि उलटं तुमच्याकडेच येतं. वरती ठोकळ्यांचं छत, उडी मारून चुकवायला गेलात तरी डोकं आपटून त्याच्यावरच पडता. आणि मोठे होता! एक अक्षर वाचायला न लावता शिकवलं.

पुढे तर मला फारच आवडतं. पायऱ्यांच्या दोन टेकड्या येतात, मधल्या फटीत जमीन असते. पडलात तर काही होत नाही, परत चढा. लगेच पुढे तशाच दोन टेकड्या, पण मध्ये खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. माझ्या वर्गात हा क्रम पाळायला मला चार वर्षं लागली.

आणि ती उडी. बटण जेवढा वेळ दाबून ठेवाल तेवढी उंच, हवेत असताना मत बदललं तर थोडं वळतासुद्धा येतं, पळता पळता उलट फिरलात तर पाय घसरतात. हे सगळं ४० किलोबाइटांत. आपण इथे एकमेकांना सुप्रभातचे फोटो पाठवतो ते याच्या कितीतरी पट. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकच चित्र, ढग पांढरा, झुडूप हिरवं. दाखवा लेकीला, एकदा दिसलं की पुन्हा न दिसणं शक्य नाही.

काका, 'फक्त आठवण' याला माझा एक पुरावा. १९८६ मध्ये जपानात याचाच दुसरा भाग आला. तीच उडी, जवळजवळ तीच चित्रं. पण त्यात विषारी मशरूम आहे, ऐन उडीत वारा सुटतो, आणि वार्पनं (स्टेजा गाळून पुढे नेणाऱ्या चोरवाटेनं) गेलात तर कधी मागच्याच दुनियेत फेकतो. अमेरिकेतल्या मंडळींना तो फार अवघड वाटला, म्हणून तिकडे भलताच एक गेम मारिओचे कपडे घालून विकला. मी जपानी भाग खेळले. चांगला आहे, पण सतत कोणीतरी पाय ओढतंय असं वाटतं. पहिल्यात मशरूम म्हणजे मशरूम. तुमची लेक म्हणते ना, "मीच मेले", ते तिला इथे म्हणता आलं नसतं.

अवांतर: टोकियोची वीज ५० वर आणि ओसाकाची ६० वर चालते, पण टीव्ही सगळीकडे ६० वरच. आणि क्योतोजवळ उजीला निन्टेंडोचं संग्रहालय झालंय (ऑक्टोबर २०२४). कंपनी १८८९ पासून पत्ते करायची, त्यांच्या जुन्या कारखान्यातच आहे ते. आधी सोडतीत नंबर लागावा लागतो. तिथे टेबलाएवढा रिमोट आहे, एकानं दिशा सांभाळायची, दुसऱ्यानं उडी. नवरा आणि मी पहिल्याच चॉकलेटवर गेलो. तेव्हा निश्चिंत असा.

खडूस_काका_ठाणे

विषारी मशरूमचा मुद्दा मान्य. बाकी मतावर ठाम. (८-४, म्हणजे अगदी शेवटची स्टेज, मात्र आजवर पाहिलेली नाही. त्या किल्ल्यात कुठल्या पाइपात शिरायचं कोणी सांगेल का? मुलाला विचारायची लाज वाटते.)

गच्चीवरचा_मिरजकर

सर्वांचे आभार. अहवाल देतो.

आधी काकांना: ८-४ मध्ये चुकीच्या पाइपात गेलात की पुन्हा मागे, तोच बोळ फिरून फिरून येतो. मीही स्वतः कधी पार केली नाही, गल्लीतल्या त्या दुसऱ्यानं एकदा केली होती आणि आम्ही नऊ जण खिडकीतून बघत होतो. सिग्नल मुंग्यामुंग्यांचा, त्यामुळे शेवटी सोडवायची ती राजकन्या नेमकी दिसली की नाही यावर अजून वाद आहे.

ताई, ढग-झुडूप लेकीला दाखवलं. ती पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे झुडपाला ढगाचा युनिफॉर्म घातलाय." आता प्रत्येक स्टेजमध्ये दुसरं काय काय असं फसवलंय ते शोधत बसते, राजकन्येचं नावही काढत नाही.

रेझिस्टन्स भाऊ, तुमचा आकडा वाचून खरंच नाचलो. १९२! बायकोला वाचून दाखवला. तिचं म्हणणं, बत्तीस सेकंद जास्त मिळूनही ४-४ च्या पुढे गेला नाहीस.

गेल्या शनिवारी मिरजेला गेलो होतो. माळ्यावर, मोदकाच्या साच्यांच्या पिशवीमागे डबा सापडला. एका रिमोटची वायर उंदरानं कुरतडलेली, दुसरा धड. कॅसेटवरचं चित्र उडालंय, ९ तेवढे शाबूत. आईनं बघितलं आणि म्हणाली, "हे अजून टाकलं नाहीस?" तसाच लेकीला मागे बसवून जयसिंगपूर गाठलं. भाऊंनी ट्यूब पेटवली, टक्क असा तो आवाज आला, आणि काचेवर हात धरला तर केस उभे राहिले. हे लेकीला गेमपेक्षा जास्त आवडलं, चारदा हात धरून बघितला.

अडॅप्टर भाऊंचा. पहिल्यांदा नुसता निळा पडदा. कॅसेट काढून घातली, परत काढून घातली. (फुंकर मारायला गेलो तर भाऊ खेकसले. फुंकरीनं काही होत नाही, काढून-घालून संपर्क जुळतो, तोंडातल्या ओलाव्यानं उलट गंज चढतो. तीस वर्षं आम्ही कॅसेटीवर थुंकत होतो म्हणायचं.) तिसऱ्यांदा लागला.

गाणं सुरू झालं आणि खांदे आपोआप खाली आले. अंगठ्याचं टोक बी बटणावर, पेर ए वर, हे बोटांना सांगावं लागलं नाही. चॉकलेट चिरडलं, मशरूम, चौथ्या पाइपापुढचं ते छुपं लाइफ, दोन्ही टेकड्या, झेंड्याच्या अगदी टोकाला, पाच हजार. भाऊ चहाचा कप तसाच धरून उभे होते.

मागे वळून बघितलं. लेक पडद्याकडे बघत होती, काळजीनं.

"बाबा," ती म्हणाली, "याला ताप आलाय का?"