अनुभव धागा: कंट्रोलर जोडताना नेमकं काय अडतं?

भुईनळा
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल) खाली आला आणि कंट्रोलरचे ते चार लाल दिवे परत लुकलुकताना पाहिले. प्रत्येक घरात अडणारी गोष्ट तीच, म्हणून धागा काढतोय.
सुरुवात माझ्याकडून. पीएस३चा कंट्रोलर पहिल्यांदा बिनवायरीने जोडता येतच नाही. मिनी यूएसबी केबल लावा (मायक्रो नव्हे, जुन्या कॅमेऱ्यांना असायची ती जाड पिन), कन्सोल चालू ठेवा आणि मधलं पीएस बटण दाबा. एकच दिवा स्थिर झाला की जोडला गेला, मग केबल काढा. बटण न दाबता नुसती केबल लावून ठेवली तर फक्त चार्जिंग होतं. आणि कंट्रोलर एकाच कन्सोलचा पत्ता लक्षात ठेवतो. मित्राच्या घरी जोडला की आपल्या घरी परत केबल आलीच.

वायरमन
केबलचंच सांगायला आलो. दहातले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. पॉवर बँक, ट्रिमर, स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. कंट्रोलर चार्ज होतो म्हणून केबलवर संशय येत नाही. साधी परीक्षा: त्याच केबलने फोन लॅपटॉपला लावा. फाइल दिसल्या तर केबल चालेल.

सईची_आई
वायरमनदादा, देव भलं करो. पीएस४ आहे, मायक्रो यूएसबी. आत्ताच केबल बदलली आणि लागला! पण दुसरा कंट्रोलर मुलीने फोनला जोडला होता, तो अजून रुसलेला आहे. चकलीची भाजणी भिजवून येते, तोवर कुणीतरी सांगा.

खटपट्या
ताई, फोनचं ब्लूटूथ आधी बंद करा, नाहीतर तो तिकडेच पळतो. मग केबल लावून पीएस बटण.
तरी नाही लागला तर रीसेट. पीएस४ पूर्ण बंद करा (रेस्ट मोड, म्हणजे अर्धवट झोपेत, नको). कंट्रोलरच्या पाठीवर एल२ (डावीकडचं मागचं बटण) जवळच्या स्क्रूशेजारी बारीक भोक आहे. त्यात सिमची पिन घालून आतलं बटण ५ सेकंद दाबून धरा. कन्सोल चालू, केबल, पीएस बटण. पीएस५च्या कंट्रोलरलाही पाठीवर असंच भोक आहे.
केबलच नसेल तर शेअर + पीएस दोन्ही एकत्र दाबून धरा, लाइटबार (कंट्रोलरवरची दिव्याची पट्टी) दोन-दोनदा पटपट चमकायला लागेल. मग चालू असलेल्या दुसऱ्या कंट्रोलरने सेटिंग्ज > डिव्हाइसेस > ब्लूटूथ डिव्हाइसेस. पीएस५ला शेअरच्या जागी क्रिएट बटण.

रानजाई
एक्सबॉक्स ३६०वाल्यांसाठी: तिथे केबलने जोडायचा वरचा नियम चालत नाही! प्ले अँड चार्ज केबलमधून फक्त वीज जाते, जोडणी नेहमी रेडिओनेच. कन्सोलवरचं जोडणीचं छोटं बटण दाबा, मग २० सेकंदांच्या आत कंट्रोलरच्या डोक्यावरचं. हिरव्या वर्तुळाचा एक चतुर्थांश भाग स्थिर पेटला की झालं.

अर्धाकप
+१. नवीन एक्सबॉक्स (सिरीज एस / एक्स) मध्येही हीच दोन बटणं. कन्सोलचं समोर यूएसबीशेजारी. फोनला जोडून परत कन्सोलकडे आणायचा असेल तर कंट्रोलरचं पेअर बटण पटकन दोनदा दाबा. नव्याने काही जोडावं लागत नाही. सोनीपेक्षा ही सोय फार आवडते.

भुईनळा
वा, हे दोनदा दाबायचं माहीत नव्हतं. निन्टेंडोचा वी (Wii) कन्सोल आहे का कुणाकडे?

रानजाई
हो. रिमोटच्या बॅटरीच्या झाकणाखाली लाल सिंक बटण, कन्सोलवर एसडी कार्डच्या झाकणाआड दुसरं. आधी रिमोटचं, लगेच कन्सोलचं. कन्सोलचं १५ सेकंद धरून ठेवू नका, जोडलेले सगळे रिमोट पुसले जातात.
जाता जाता: टीव्हीवरचा सेन्सर बार काहीही 'सेन्स' करत नाही, त्यात फक्त इन्फ्रारेड दिवे आहेत. बार बिघडला तर दोन मेणबत्त्या थोड्या अंतरावर ठेवूनही पॉइंटर चालतो. पडद्यांपासून लांब ठेवा हं.

सईची_आई
दिवाळीत मेणबत्त्यांचा खेळ! रीसेट करून लागला बरं का दुसरा, लाल दिवा आलाय. बिघडला का?

खटपट्या
नाही नाही ताई. पहिला निळा, दुसरा लाल, तिसरा हिरवा, चौथा गुलाबी. लाल म्हणजे दुसरा खेळाडू.

वायरमन
जोडला गेला पण मध्येच तुटतोय, बटण उशिरा लागतंय असं असेल तर कन्सोलच्या मागे यूएसबी ३ची हार्ड डिस्क आहे का बघा. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो आणि कंट्रोलरही तिथेच बोलतो. डिस्क चांगल्या जाड आवरणाच्या केबलने हातभर लांब ठेवा. कन्सोल लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या अगदी पाठीला चिकटून असेल तर बाहेर काढा.

अर्धाकप
निन्टेंडो स्विचचा प्रो कंट्रोलर राहिला. डॉकला (स्विच टीव्हीला जोडायचा स्टँड) यूएसबी-सी केबलने लावला की जोडला जातो. नाहीतर मेनूत कंट्रोलर्स > चेंज ग्रिप/ऑर्डर, मग वरचं सिंक बटण सेकंदभर धरा. जॉय-कॉन (स्विचचे छोटे कंट्रोलर) तर कन्सोलच्या बाजूच्या खाचेत सरकवले की झाले.

सईची_आई
भाजणी जमली. पण चकली तेलात विरघळतेय, मोहन जास्त झालं का?

रानजाई
थोडं पीठ मिसळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग घट्ट मळून एकच करून बघा.