टाकी भरली आणि चेक इंजिनचा दिवा लागला: तुमचे अनुभव लिहा

मायलेजच्या धाग्यावर दोघातिघांनी हा विषय काढला आणि मूळ चर्चा बाजूलाच राहिली, म्हणून हा वेगळा धागा. पंपावरून निघालो आणि समोर तो पिवळा इंजिनचा दिवा, असं कोणाकोणाचं झालंय? पहिली शिवी पंपवाल्याला जाते ते साहजिक आहे पण शेवटी कारण काय निघालं ते लिहा. गाडी कशावरची, दिवा स्थिर होता की लुकलुकत होता आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोष वाचायच्या यंत्रावर, कोड काय आला, एवढं तरी हवंच. पंपाचं नाव मात्र नको.

इगतपुरीकर
पेट्रोल हॅचबॅक, ऐन पावसाळा. हायवेवर टाकी भरली आणि कसारा घाट यायच्या आत गाडी हिसके द्यायला लागली, दिवा लुकलुकत होता. लुकलुकला की मिसफायर, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन तो तापतो आणि वाया जातो, त्यामुळे गाडी तिथंच बाजूला घेतली आणि टोइंगवाल्याला फोन केला. कोड पी ०३००, म्हणजे मिसफायरच. मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत काढून दाखवलं, थोडा वेळ ठेवल्यावर खाली वेगळा थर, मधे रेघ मारल्यासारखा. हल्ली पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं, थोडंसं असलं तर जळूनही जातं, पण पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही सुटं होऊन तळाला बसतं आणि टाकीतला पंप ओढतो तळातूनच. बिल ठेवलं होतं म्हणून पंपमालकाशी बोलता तरी आलं, अर्धा खर्च दिला त्याने, बरीच कटकट करून.

जर्सीकर काका
आमच्या न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी, पंपावरचा माणूसच भरतो आणि झाकणही तोच लावतो. थंडीत बिचारा घाईत असतो, झाकण टिकटिक वाजेपर्यंत फिरवत नाही. कोड पी ०४५७, म्हणजे टाकीतल्या वाफांची गळती, बहुधा झाकण सैल. गंमत म्हणजे दिवा लगेच लागलाच नाही, मधे वीकेंड गेला, त्यामुळे झाकणाचं कोणाच्या डोक्यातच येईना. ही गळतीची तपासणी गाडी नीट थंड झालेली असताना आणि टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी नसतानाच चालते. झाकण घट्ट केल्यावरही दिवा लगेच विझत नाही, गाडी काही वेळा चालवावी लागते. कोणी बॅटरीची वायर काढून दिवा घालवायला सांगितलं तर ऐकू नका, सगळ्या तपासण्या शून्यावर येतात आणि इन्स्पेक्शनला गाडी परत पाठवतात.

गॅरेजवाला_कोल्हापूर
काका, तुमच्याकडं बरोबर आहे, अमेरिकेत गळती तपासायची सक्तीच आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे, त्यात ती सक्ती नाही, म्हणून इथं झाकण सैल राहिलं तरी बहुतेक गाड्यांत दिवा लागत नाही. लोक यूट्यूब बघून नवीन झाकण घेऊन येतात राव.

आमच्याकडं जास्त येतो तो पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडणारी झडप. नोझल कट झाल्यावरही "राउंड फिगर करा" म्हणून अजून दोनदा दाबायला लावतात, मग वाफा धरायच्या कोळशाच्या डब्यात पेट्रोलच शिरतं, डबा खराब होतो आणि कोळशाचा चुरा पुढं व्हॉल्व्हमधे जातो. व्हॉल्व्ह उघडा अडकला की ओळख एकच, एरवी गाडी मस्त, पण टाकी भरल्यावर स्टार्टच घेत नाही, एक्सलेटर दाबून धरला की खोकत खोकत चालू होते. कारण वाफा थेट इंजिनात जातात. इंजिन गार असताना चालू करा, डब्याकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा आणि तिथं बोट धरा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह गेला. इंजेक्टर क्लीनिंगच्या मागं लागू नका त्याच्यासाठी.

सीएनजीग्रस्त
बाहेरून बसवलेलं किट, पुणे. गॅस भरून निघालं की चढावर दिवा, कोड पी ०१७१, म्हणजे इंधन कमी पडतंय. पेट्रोलवर टाकली की काही तक्रार नाही. सेन्सर बदला म्हणून सांगत होते, मी म्हणलं आधी गॅसचा फिल्टर उघडा. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येतं, त्याने फिल्टर काळाकुट्ट चिकट झाला होता. स्वस्तात सुटलो.

सई_चिपळूण
डिझेलवाल्यांनी दिवा नीट बघा आधी. आमचा चेक इंजिन नव्हताच, फिल्टरमधे पाणी साचल्याचा होता. खालचा स्क्रू सैल करून पाणी काढलं, संपलं.

तळेगावकर
पंपावरच का लागतो ह्याचं एक कारण कोणी लिहिलं नाही. बरेचसे दोष गाडी पहिल्यांदा पकडते तेव्हा नुसती नोंद करते, पुढच्या फेरीत परत सापडला तरच दिवा लावते. पंपावर आपण इंजिन बंद करून चालू करतो म्हणजे नवी फेरी सुरू. माझ्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आधीच मरायला टेकलेला, पेट्रोलचा काही संबंध नव्हता. ब्लूटूथचा स्कॅनर घेऊन ठेवा, आणि मेकॅनिकने कोड उडवायच्या आत स्क्रीनचा फोटो काढा, कारण दोष आला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान सगळं त्याबरोबर पुसलं जातं.

इगतपुरीकर
फिल्टर पेपर चाचणीबद्दल व्यनित (खाजगी निरोपात) विचारलंय एकाने. पंपावर मागितला तर पेपर द्यावा लागतो, पण त्यावर भेसळीचा डाग कळतो, पाणी नाही कळत. पाण्यासाठी त्यांच्या जमिनीखालच्या टाकीत पेस्ट लावलेली पट्टी सोडतात, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. ती बघायला मागा.